वेक बेटाची शिबंदी आणि तिची शस्त्रं, डिसेंबर १९४१: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्ल हार्बरवर जपानी विमानं तुटून पडली, त्यानंतर काही तासांतच प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावर बॉम्ब पडायला सुरुवात झाली. तिथली अमेरिकी शिबंदी १६ दिवस टिकली. या पानावर भर आहे तो तिच्या शस्त्रांवर: कोणती होती, कुठून आली, त्यांत काय कमी होतं आणि ती कमतरता माणसांनी कशी भरून काढली. तोफ म्हणजे नुसती नळी नव्हे. अंतर मोजणारं यंत्र, गोळा भरणारे हात आणि हुकूम पोचवणारी तार मिळून ती तोफ होते. वेकची लढाई समजून घ्यायची असेल तर हे आधी डोक्यात असावं.

वेक बेट नेमकं आहे कुठे?

होनोलुलूच्या पश्चिमेला सुमारे ३,७०० किलोमीटरवर. मुंबई ते कोलकाता या हवाई अंतराच्या दुपटीहून जास्त, आणि वाटेत बहुतेक पाणीच. हे प्रवाळाचं कंकणद्वीप आहे. मोठं बेट वेक, त्याचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा. दक्षिणेकडच्या टोकाला विल्क्स, उत्तरेकडच्या टोकाला पील, आणि मधल्या पोटात उथळ खाजण. तिन्ही बेटांची जमीन मिळून सुमारे ७ चौरस किलोमीटर. सगळ्यात उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून जेमतेम ६ मीटर. गोड्या पाण्याचा झरा नाही, डोंगर नाही, आडोसा म्हणावा तर झुडपांचा. बेट आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पश्चिमेला असल्यामुळे पर्ल हार्बरला ७ डिसेंबर होता तेव्हा इथे ८ डिसेंबर उजाडला होता. या पानावरच्या सगळ्या तारखा वेकच्या आहेत.

एवढ्याशा जमिनीसाठी लढायचं कारण काय?

विमानं. १९३५ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीने पील बेटावर आपल्या समुद्री विमानांसाठी तळ आणि एक छोटं हॉटेल बांधलं. महासागर ओलांडणाऱ्या विमानाला मध्ये कुठेतरी टेकावं लागायचं, आणि टेकायला जागा हीच. तिथून लांब पल्ल्याची गस्ती विमानं उडाली असती तर दक्षिणेकडच्या मार्शल बेटांतल्या जपानी तळांवर नजर राहिली असती. म्हणून अमेरिकी नौदलाने जानेवारी १९४१ पासून तिथे धावपट्टी आणि तळ बांधायला घेतला. जपानला तोच तळ आपल्या दारात नको होता.

शिबंदीत किती माणसं होती?

मरीन सैनिक, म्हणजे नौदलाबरोबर लढणारं पायदळ, ४४९. यांत पहिल्या संरक्षण बटालियनची तुकडी होती आणि व्हीएमएफ-२११ या लढाऊ विमानांच्या पथकाची माणसंही. शिवाय नौदलाचे साठ-सत्तर आणि भूदलाच्या संपर्क पथकाचे मूठभर जण. एका पूर्ण संरक्षण बटालियनमध्ये नऊशेहून अधिक माणसं असायला हवी होती, म्हणजे इथे निम्मीसुद्धा नव्हती. याखेरीज बांधकामावरचे अकराशेच्या वर मुलकी कामगार बेटावर होते. त्यांना शस्त्रं चालवायचं शिक्षण नव्हतं, पण त्यांच्यातल्या अनेकांशिवाय ही लढाई झालीच नसती. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

किनाऱ्यावरच्या मोठ्या तोफा कोणत्या होत्या?

५ इंची, ५१ कॅलिबरच्या सहा तोफा. तोंडाचा व्यास १२७ मिलिमीटर. इथे कॅलिबर म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या किती पट ते माप, म्हणून ही नळी जवळजवळ साडेसहा मीटर लांब. गोळ्याचं वजन साधारण २३ किलो. दारू वेगळ्या पिशवीत असायची. आधी गोळा, मग पिशवी, मग मागचं दार बंद, असं ते हाताने भरायचं काम.

या तोफा मुळात बेटासाठी बनलेल्याच नव्हत्या. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या अमेरिकी युद्धनौकांवर त्या दुय्यम तोफा म्हणून बसवलेल्या असत. जवळ येऊ पाहणाऱ्या टॉर्पेडो बोटींना सपाट, वेगवान माऱ्याने फोडणं हे त्यांचं काम. वेकवरच्या तोफा ‘टेक्सास’ या जुन्या युद्धनौकेवरून उतरवलेल्या होत्या असं सांगितलं जातं. जुन्या होत्या म्हणून त्यांना भंगार म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गोळा सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या आसपास वेगाने निघत असे, त्यामुळे चार-पाच किलोमीटरवर तो जवळजवळ सरळ रेषेत जाई आणि नेम साधायला सोपा पडे. नेमक्या याच गुणाने ११ डिसेंबरला काम केलं.

मांडणी अशी होती: (बॅटरी म्हणजे एकत्र डागणाऱ्या तोफांचा गट) वेक बेटाच्या दक्षिण टोकाला पीकॉक पॉइंटवर बॅटरी ए, विल्क्सच्या कुकू पॉइंटवर बॅटरी एल, पीलच्या टोकी पॉइंटवर बॅटरी बी. प्रत्येकी दोन तोफा. बेटाची तिन्ही टोकं त्यांनी धरून ठेवली होती.

विमानवेधी तोफा १२ होत्या, मग बॉम्बफेक थांबली का नाही?

आकडा १२ खरा, पण तो फसवा आहे. ३ इंची विमानवेधी तोफांच्या चार-चारच्या तीन बॅटऱ्या होत्या: पीलवर डी, वेकवर ई, विल्क्सवर एफ. विमानवेधी तोफेला विमानाची उंची, वेग आणि दिशा कळल्याशिवाय ती आकाशात नुसते धूर सोडते. गोळ्याच्या टोकाला वेळेचा फ्यूज असतो. किती सेकंदांनी तो फुटायचा हे गोळा नळीत जाण्याआधीच ठरवावं लागतं, आणि उंची चुकली की सगळं चुकलं.

हे गणित करणारी पूर्ण सामग्री फक्त डी बॅटरीकडे होती. ई कडे नेमयंत्र होतं पण उंचीमापक नव्हता, म्हणून डी चे लोक फोनवरून उंची सांगायचे आणि ई ती वापरायची. म्हणजे खाजणापलीकडच्या माणसाच्या डोळ्यांनी नेम धरायचा. एफ कडे यंत्रंही नव्हती आणि चालवायला माणसंही नव्हती. डी मध्येसुद्धा तीनच तोफांपुरते गोलंदाज होते. चौथी तोफ रिकामी उभी होती, तिचं पुढे काय झालं ते कामगारांच्या उत्तरात आहे.

तरीही या तोफांनी जपानी बॉम्बफेकी विमानं पाडली, अनेकांना भोकं पाडून परत पाठवलं आणि बाकीच्यांना उंचावरून बॉम्ब टाकायला भाग पाडलं.

याशिवाय हाती काय होतं?

१२.७ मिलिमीटरच्या १८ जड ब्राउनिंग मशीनगन, बहुतेक विमानांवर रोखलेल्या. त्याखेरीज हलक्या-मध्यम मिळून ३० मशीनगन, काही पाण्याने थंड होणाऱ्या तर काही हवेने. सैनिकाच्या हातात स्प्रिंगफील्ड १९०३ रायफल, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने मागे ओढायचा. डोक्यावर पहिल्या महायुद्धातलं पसरट लोखंडी टोप. रात्री किनारा उजळायला सर्चलाइट.

रडार का नव्हतं?

बेटासाठी ठरलं होतं, पण पोचलं नाही. वेकवर सर्वांत जास्त जाच या एका उणिवेने केला.

पहाऱ्याची सर्वांत उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी, साधारण १५ मीटर उंच. तिच्यावर दुर्बीण घेऊन माणूस उभा. कानांवर भरवसा ठेवावा तर भोवती प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या लाटांचा अखंड गडगडाट, त्यात इंजिनाचा आवाज बुडून जायचा. विमान दिसलं की बंदुकीचे तीन बार काढायचे, हा इशारा ठरलेला. ८ डिसेंबरला दुपारी बाराच्या सुमारास मार्शल बेटांतल्या रोईहून आलेली ३६ जपानी बॉम्बफेकी विमानं पावसाच्या सरीआडून निघाली तेव्हा ती डोक्यावरच होती. इशारा आणि बॉम्ब जवळजवळ एकदमच आले.

वाइल्डकॅट विमानांचं काय झालं?

मेजर पॉल पटनम यांच्या व्हीएमएफ-२११ पथकाची १२ ग्रुमन वाइल्डकॅट विमानं ४ डिसेंबरला ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू नौकेवरून वेकवर उतरली. लढाई चार दिवसांवर होती. वैमानिकांना या विमानाचा सराव थोडा. वैमानिकाभोवती चिलखत नाही, गोळी लागली तर आपोआप भोक बुजवणाऱ्या इंधनटाक्या नाहीत. दुरुस्तीची पुस्तकं नाहीत. बेटावर बॉम्ब होते, पण ते विमानाच्या पंखाखालच्या पकडीत बसत नव्हते. कॅप्टन हर्बर्ट फ्रॉयलर यांनी जोड बनवून ते बसवले. विमानं जमिनीवर झाकायला मातीचे आडोसे अजून तयार व्हायचे होते.

८ तारखेच्या हल्ल्याच्या वेळी चार विमानं गस्तीवर होती, आठ जमिनीवर. त्या आठांपैकी सात जळून गेली, आठव्याला इजा झाली. पथकाची २३ माणसं मेली, आणखी ११ जखमी झाली, म्हणजे निम्म्याहून अधिक पथक काही मिनिटांत गेलं. मेलेल्यांत यांत्रिक बरेच होते. विमानं वाचली असती तरी सांभाळायचं कोणी, असा प्रश्न होता.

त्याचं उत्तर तीन माणसांनी दिलं. लेफ्टनंट जॉन किनी, सार्जंट विल्यम हॅमिल्टन आणि नौदलाचा यांत्रिक जेम्स हेसन. एका जळक्या विमानाचा पंखा, दुसऱ्याची टाकी, तिसऱ्याचं चाक असं जोडून त्यांनी रोज दोन, तीन, कधी चार विमानं उडती ठेवली. १४ डिसेंबरला बॉम्बने एका उभ्या विमानाची शेपटी पेटली, तेव्हा या तिघांनी जळत्या विमानातून धड असलेलं इंजिन काढून बाजूला ओढलं. वैमानिकांना उंचावर लागणारा प्राणवायू बांधकामावरच्या नळकांड्यांतून भरून घेतला. वेकच्या लढाईतलं माझ्या मते सगळ्यांत मोठं शौर्य या गॅरेजमध्ये झालं. नौदलाचा इतिहास लिहिताना तोफेपाशी उभ्या माणसाला जागा मिळते, पान्हा हातात धरलेल्याला कमी मिळते.

११ डिसेंबरला बेटाने आरमार परत लावलं, ते कसं?

त्या पहाटे रिअर ॲडमिरल सादामिची काजिओका यांचं आरमार दक्षिणेकडून आलं. झेंडा ‘युबारी’ या हलक्या क्रूझरवर. सोबत ‘तेन्र्यू’ आणि ‘तात्सुता’ या जुन्या क्रूझर, सहा विनाशिका, दोन गस्ती नौका आणि सैन्य घेऊन येणारी जहाजं. उतरवायचं सैन्य सुमारे ४५० होतं. तीन दिवसांच्या बॉम्बफेकीत किनाऱ्यावरच्या तोफा निकामी झाल्या असतील असं त्यांनी धरलं होतं.

युबारीवरच्या १४ सेंटिमीटरच्या तोफांचा पल्ला वेकच्या तोफांपेक्षा जास्त होता. वेकने दुरूनच तोंड उघडलं असतं तर युबारी मागे सरली असती आणि सुरक्षित अंतरावरून तिने एकेक बॅटरी शोधून फोडली असती. म्हणून मरीनचे मेजर जेम्स डेव्हेरो यांनी हुकूम दिला: मी सांगेपर्यंत एकही गोळा सुटता कामा नये. सर्चलाइट बंद. तोफांवर झुडपांचं आच्छादन तसंच.

साडेपाचच्या सुमारास जपानी तोफा सुरू झाल्या. जहाजं किनाऱ्याला समांतर जात, वळत, दर फेरीला जवळ येत होती. गोळे बेटावर पडत होते, इंधनाच्या टाक्या पेटल्या होत्या आणि तोफांवरची माणसं फोनवर पुन्हापुन्हा परवानगी मागत होती. डेव्हेरो नाहीच म्हणत राहिले. पाऊण तास हाती भरलेली तोफ ठेवून गोळे अंगावर घेत गप्प बसायचं, हे गोळा डागण्यापेक्षा अवघड असणार. सव्वासहाच्या सुमारास युबारी चार किलोमीटरच्या आसपास आली आणि मग हुकूम सुटला.

पीकॉक पॉइंटवरच्या बॅटरी ए ने युबारीवर नेम धरला. ती वळून धुराचा पडदा टाकत दूर जाऊ लागली.

विल्क्सवर लेफ्टनंट जॉन मॅकअलिस्टर यांच्या बॅटरी एल चा अंतरमापक आदल्याच दिवशी गेला होता. १० तारखेच्या बॉम्बफेकीत बांधकामाच्या सुरुंगांचा साठा उडाला, १०० टनांहून अधिक, आणि त्या धक्क्याने बॅटरीचं साहित्य उद्ध्वस्त झालं. तोफा मात्र शाबूत राहिल्या. त्यांनी डोळ्यांच्या अंदाजाने अंतर धरलं, गोळा कुठे पडतो ते पाहून सुधारलं, पुन्हा डागलं. ‘हायाते’ ही विनाशिका साडेतीन-चार किलोमीटरवर असताना तिसऱ्या फैरीने तिच्या दारूगोळ्याला आग लागली. तिचे दोन तुकडे झाले आणि दोन मिनिटांत ती बुडाली. या युद्धात अमेरिकी सैन्याने बुडवलेली ही पहिली जपानी विनाशिका. गोलंदाज आनंदाने ओरडत थांबले, तेव्हा एका सार्जंटने त्यांना खेकसून पुन्हा तोफांवर धाडलं. पुढची जहाजं समोरच होती.

पीलवर बॅटरी बी ची एक तोफ धक्का शोषणारा सिलिंडर बिघडल्याने बंद पडली. तिची माणसं दुसऱ्या तोफेला दारूगोळा पुरवायला धावली आणि एकाच तोफेने त्यांनी ‘यायोई’ या विनाशिकेला गोळा घातला.

सातच्या सुमारास काजिओका यांनी माघारीचा हुकूम दिला. आता पाळी वाइल्डकॅटची होती. पटनम, कॅप्टन हेन्री एलरॉड, फ्रॉयलर आणि कॅप्टन फ्रँक थरिन अशी चार विमानं. दोन-दोन ४५ किलोचे बॉम्ब टाकायचे, परत यायचं, भरून पुन्हा जायचं. ‘किसारागी’ या विनाशिकेच्या डेकवर पाणबुड्यांविरुद्धचे सुरुंग ठेवलेले होते. बॉम्ब लागला, सुरुंग फुटले आणि ती सगळ्या खलाशांसह बुडाली. याचं श्रेय एलरॉड यांना दिलं जातं. दोन वाइल्डकॅट मात्र मार खाऊन कायमच्या गेल्या. बेटावर त्या सकाळी अमेरिकेचा एकही माणूस मेला नाही.

किनाऱ्यावरच्या तोफांनी उतरू पाहणारं आरमार मागे हटवल्याचं उदाहरण प्रशांत महासागराच्या संपूर्ण युद्धात पुन्हा घडलं नाही असं इतिहासकार सांगतात.

युबारीला खरंच गोळे लागले का?

गोलंदाजांनी लागल्याचं पाहिलं असं सांगितलं आणि अमेरिकी अहवालांत तसंच आहे. जपानी नोंदींवरून त्यावर शंका घेतली जाते. धूर, पाण्याचे फवारे आणि चार किलोमीटरचं अंतर यांत डोळा फसणं सहज शक्य आहे. युबारी वळली, हे निश्चित, आणि त्या सकाळी तेच महत्त्वाचं होतं.

कामगारांनी खरंच शस्त्रं चालवली का?

हो. सगळ्यांनी नाही. बरेच जण झुडपांत लपले, आणि त्यांना दोष देण्याचं कारण मला दिसत नाही, ते पूल-रस्ते बांधायला आले होते. पण शेकडो जणांनी आपणहून हात दिला.

डी बॅटरीची ती चौथी तोफ आठवते? एका सार्जंटने कामगारांनाच शिकवून तिच्यावर उभं केलं. दर रात्री तोफा हलवायच्या असायच्या, कारण दिवसा जपानी विमानं जागा हेरून जात. ई बॅटरी ९ डिसेंबरच्या रात्री मरीन आणि कामगारांनी मिळून नव्या जागी नेली आणि जुन्या जागी लाकडी खोट्या तोफा उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी बॉम्ब त्या जुन्या जागेवर पडले. एकेक तोफ कित्येक टनांची, रस्ता म्हणजे प्रवाळाचा चुरा, उजेड लावायची सोय नाही आणि पहाटेच्या आत वाळूच्या गोण्यांसकट सगळं पुन्हा उभं. गोण्या संपल्या तेव्हा सिमेंटची रिकामी पोती आणि गोळ्यांच्या रिकाम्या पेट्या वाळूने भरल्या. धावपट्टीखाली सुरुंग पेरले, म्हणजे शत्रूचं विमान उतरू लागलं तर उडवता येतील. हे सगळं त्यांच्याच यंत्रांनी आणि हातांनी.

पॅन अमेरिकनच्या नोकरीत असलेल्या गुआमच्या चामोरो लोकांचा उल्लेखही इथे करायला हवा. ८ तारखेच्या बॉम्बफेकीनंतर कंपनीचं समुद्री विमान गोळ्यांनी चाळण झालेलं असतानाही प्रवासी आणि गोरे कर्मचारी घेऊन उडालं. चामोरो कर्मचाऱ्यांना मागे ठेवलं गेलं. त्यांच्यातले काही त्या हल्ल्यातच मेले होते.

“आणखी जपानी पाठवा” हा संदेश खरा का?

नाही. अमेरिकेत तो वर्तमानपत्रांतून गाजला, पण असं काही आपण मागितलं नव्हतं हे डेव्हेरो आणि बेटाचे प्रमुख कमांडर विनफील्ड कनिंगहॅम या दोघांनीही नंतर सांगितलं. सांकेतिक संदेश फोडायला अवघड जावा म्हणून मागे-पुढे निरर्थक शब्द जोडायची पद्धत होती, त्या भरतीच्या शब्दांतून हे वाक्य जुळवलं गेलं असा खुलासा दिला जातो. बेटावरच्या माणसांनी रेडिओवर ही बढाई ऐकली तेव्हा ती त्यांना रुचली नाही. त्यांना हवी होती ती विमानं, रडार आणि माणसं.

आणि मदत? ती का पोचली नाही?

निघाली होती. ‘सॅराटोगा’ ही विमानवाहू नौका, सोबत ‘टँजिअर’ या जहाजावर चौथ्या संरक्षण बटालियनची माणसं, हजारो गोळे, आणि वेकवर जे नव्हतं ते सगळं: रडार, तोफांच्या नेमाची यंत्रं. सॅराटोगावर एक ताजं लढाऊ पथकही होतं. नेतृत्व रिअर ॲडमिरल फ्रँक जॅक फ्लेचर यांच्याकडे. तेलवाहू जहाज संथ, त्यामुळे सगळा ताफा संथ.

दरम्यान पर्ल हार्बरचे ॲडमिरल किमेल यांना पदावरून दूर केलं गेलं होतं आणि त्यांच्या जागी नेमलेले ॲडमिरल निमिट्झ अजून पोचायचे होते. मधल्या दिवसांत हंगामी सूत्रं व्हाइस ॲडमिरल विल्यम पाय यांच्या हाती. पर्ल हार्बरहून परतणाऱ्या जपानी ताफ्यातल्या ‘हिर्यू’ आणि ‘सोर्यू’ या विमानवाहू नौका वेककडे वळल्या आहेत हे २१ तारखेला नौकांवरची छोटी विमानं बेटावर दिसताच उघड झालं. एक सॅराटोगा पणाला लावायची की नाही? पाय यांनी ताफा परत बोलावला. तेव्हा तो वेकपासून हजार किलोमीटरच्या आत होता.

या निर्णयावर आजही वाद होतो. मला तो समजतो, पण पटत नाही. आपल्या उरलेल्या मोजक्या विमानवाहू नौकांपैकी एक गमावण्याची भीती खरी होती. तरीही दोन दिवस आधी, तेलासाठी न थांबता, तो ताफा पुढे ढकलायला वाव होता असं वाटत राहतं.

शेवटच्या दोन वाइल्डकॅट कधी पडल्या?

२२ डिसेंबरला. फ्रॉयलर आणि लेफ्टनंट कार्ल डेव्हिडसन उडाले, समोर दोन विमानवाहू नौकांवरची विमानं. डेव्हिडसन परतले नाहीत. फ्रॉयलर यांनी दोन बॉम्बफेकी विमानं पाडली आणि जखमी होऊन मोडक्या विमानासह बेटावर आदळले. पथकातली उरलेली माणसं रायफली घेऊन पायदळ झाली.

२३ डिसेंबरला तोफांनी पुन्हा तसंच का केलं नाही?

कारण या वेळी काजिओका दिवसा आले नाहीत. मध्यरात्रीनंतर, पावसात, उधाणलेल्या समुद्रात, दीड हजारांच्या आसपास सैनिक घेऊन आले. ३२ आणि ३३ क्रमांकाच्या जुन्या गस्ती नौका त्यांनी मुद्दाम दक्षिण किनाऱ्याच्या प्रवाळावर चढवल्या. ५ इंची तोफा दूरच्या जहाजासाठी लावलेल्या. किनाऱ्यालगत अंधारात घुसलेल्या नौकेवर त्यांचा नेम लागत नव्हता.

एक तोफ मात्र होती. धावपट्टी आणि किनारा यांच्या मध्ये एक ३ इंची विमानवेधी तोफ बोटींविरुद्ध वापरायला एकटीच आणून ठेवलेली. तिच्यावर दृष्टियंत्र नव्हतं आणि ठरलेले गोलंदाजही नव्हते. लेफ्टनंट रॉबर्ट हॅना, एक कॉर्पोरल आणि तीन कामगार तिच्याकडे धावले. हॅना मागचं दार उघडून नळीतूनच बघायचे, समोर नौका आली की दार लावून डागायचं. पहिलाच गोळा ३३ नंबरच्या नौकेच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून नौका चालवतात तिथे, बसला. पुढच्या गोळ्यांनी ती पेटली आणि तिच्या उजेडात शेजारची ३२ दिसू लागली.

ही तोफ वाचवायला पटनम यांची विमानं गमावलेली माणसं आणि डझनभर कामगार तिच्याभोवती गोल करून लढले. अनेक जण तिथेच मेले. एलरॉडही तिथेच मेले. त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

विल्क्सवर शिबंदी जिंकत होती म्हणतात. मग शरणागती का?

तारेमुळे. बेटांमधले फोन उघड्यावर टाकलेल्या तारांवर चालत. सगळ्या तारा खोल पुरायला वेळ आणि हात कमी पडले होते. २३ च्या पहाटे त्या एकेक करून तुटल्या.

विल्क्सवर सुमारे १०० जपानी उतरले होते आणि माणसांविना उभ्या असलेल्या एफ बॅटरीच्या तोफा त्यांनी घेतल्या. कॅप्टन वेस्ली प्लॅट यांनी अंधारात रांगत जाऊन त्यांची जागा हेरली, आपली माणसं आणि मशीनगन गोळा केल्या आणि उजाडताना एका बाजूने हल्ला चढवला. दुसरीकडून मॅकअलिस्टर यांची माणसं आली. उतरलेले जवळजवळ सगळे जपानी मारले गेले. विल्क्स मोकळं झालं.

पण हे डेव्हेरोंना कळलं नाही. विल्क्सचा फोन बंद होता आणि लांबून दिसत होते ते तिथे रोवलेले जपानी झेंडे. मुख्य बेटावर शत्रू धावपट्टीपलीकडे आलेला, डोक्यावर नौकांवरची विमानं, रुग्णालयात जखमी, आणि अकराशे निःशस्त्र कामगार. मदत येत नाही हेही कळून चुकलेलं. कनिंगहॅम आणि डेव्हेरो यांनी सकाळी साडेसातच्या सुमारास शरण जायचं ठरवलं. डेव्हेरो पांढरं फडकं घेऊन रस्त्याने चालत निघाले आणि एकेका मोर्च्यावर जाऊन माणसांना बंदुका खाली ठेवायला सांगत गेले. दुपारी ते विल्क्सला पोचले तेव्हा प्लॅट यांची माणसं अजून लढायच्या तयारीत होती.

मरीनांनी तोफांची दारं, नेमाची यंत्रं जमेल तेवढी निकामी केली.

बेटाचा प्रमुख डेव्हेरो की कनिंगहॅम?

कनिंगहॅम. ते नौदलाचे होते आणि २८ नोव्हेंबरला सूत्रं घेतली. मरीन तुकडी आणि तोफा डेव्हेरोंकडे. युद्धकाळातल्या बातम्यांत नाव डेव्हेरोंचं झालं आणि कनिंगहॅम यांना आपला हक्क सांगत आयुष्य काढावं लागलं.

कैद्यांचं काय झालं?

जानेवारी १९४२ मध्ये बहुतेकांना ‘निट्टा मारू’ जहाजातून नेलं. वाटेत पाच जणांची मुंडकी उडवली. बाकीचे युद्ध संपेपर्यंत छावण्यांत राहिले.

पुढे ९८ मुलकी कामगारांना जपान्यांनी तटबंदीच्या कामासाठी बेटावरच ठेवलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकी विमानवाहू नौकांनी वेकवर मोठा हल्ला केला, तेव्हा बेटाचे जपानी प्रमुख रिअर ॲडमिरल शिगेमात्सु साकाइबारा यांना आता आरमार येणार असं वाटलं. ७ ऑक्टोबरला त्या कामगारांना किनाऱ्यावर नेऊन मशीनगनने मारलं. एक जण निसटला. तो पुन्हा पकडला गेला आणि मारला गेला. साकाइबारा यांना १९४७ मध्ये गुआमवर फाशी झाली.

जपान्यांनी बेट कसं सांभाळलं?

भरपूर तोफा लावून. ८ इंची तोफासुद्धा बसवल्या, काँक्रीटचे मोर्चे बांधले. पण अमेरिकेने पुन्हा उतरण्याचा प्रयत्नच केला नाही. बेटाला वळसा घालून रसद तोडली. हजाराहून अधिक जपानी सैनिक उपासमारीने गेले. त्या भुकेत वेकचा न उडणारा पाणकोंबडीसारखा पक्षी, जो जगात आणखी कुठेच नव्हता, कायमचा संपला. ४ सप्टेंबर १९४५ ला उरलेली शिबंदी शरण आली, आणि तिच्या तोफांनी कुठलंही आरमार परतवलं नव्हतं.

आज तिथे जाता येतं का?

सहलीला नाही. बेट अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि परवानगीशिवाय उतरता येत नाही. १९८५ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. जपानी मोर्चे, गंजून सालपटं निघालेली ८ इंची तोफ आणि विमानांचे आडोसे अजून दिसतात. खाजणाच्या काठाला प्रवाळाचा एक मोठा खडक आहे. निसटलेल्या त्या कामगाराने त्याच्यावर कोरलं होतं: ९८ यूएस पीडब्ल्यू (युद्धकैदी) ५-१०-४३. त्याचं नाव काय होतं हे आजतागायत ठरलेलं नाही.